पाच हजार चाळीसातली एक

विदरहॅमच्या चर्चमध्ये घंटा वाजवायच्या खोलीला दार नव्हतं. जमिनीतच एक लाकडी झाकण होतं. गोल जिना चढून आलेला माणूस त्यातून आधी डोकं, मग खांदे आणि मग राहिलेला देह वर काढायचा. सगळे आत आले की झाकण पडायचं आणि त्यावर ऑब्री थॅकर आपली पेटी ठेवून तिच्यावर उभा राहायचा, कारण आठव्या घंटेचा दोर नेमका तिथेच लोंबत होता. एकदा ऑब्री पेटीवर चढला की घंटा थांबेपर्यंत ना कुणी आत येणार, ना कुणी बाहेर जाणार. मनोरा बांधणाऱ्याला अक्कल कमी होती की जरा जास्तच होती, हा वाद गावात पिढ्यान्‌पिढ्या चालू होता.

त्या ऑक्टोबरातल्या शनिवारी दुपारी आठ जण आत आले. हेस्टर पेनफोल्डने सातवा दोर हातात घेतला आणि मनातल्या मनात म्हटलं, बाई गं, आता तीन तास सुटका नाही. तिने सकाळपासून चहाला तोंड लावलं नव्हतं. बाकीच्यांनीही लावलं नसावं. या कामातलं शहाणपण तिथूनच सुरू होतं.

काम म्हणजे पाच हजार चाळीस. विदरहॅममध्ये नुसता आकडा सांगतात, पुढचं सगळ्यांना कळतं. सात घंटा एकापाठोपाठ एकेकदा वाजल्या की एक ओळ झाली. पुढच्या ओळीत त्यांचा क्रम बदलायचा. आठवी घंटा सगळ्यांत जड, ती मात्र प्रत्येक ओळीच्या शेवटी आपल्या जागी. सात घंटांचे क्रम लावता येतात पाच हजार चाळीस. ते सगळे वाजवायचे. एकही दोनदा नाही, एकही गाळायचा नाही, मध्ये थांबायचं नाही, समोर कागद ठेवायचा नाही. एक ते आठ अशा सरळ रांगेने निघायचं आणि सगळं फिरून पुन्हा सरळ रांगेत यायचं. एक ओळ जरी दोनदा आली तरी सगळं खोटं. मग तीन तासांच्या घामाला कुत्रंही विचारत नाही.

हेस्टर बाजारगावातल्या शाळेत गणित शिकवायची आणि या आकड्यावर तिचा जीव होता. दोन घंटांचे क्रम दोन. तिसरी आली की सहा. चौथीने चोवीस, पाचवीने एकशेवीस, सहावीने सातशेवीस, आणि सातवी आली की एकदम पाच हजार चाळीस. एकपासून दहापर्यंत कशानेही भागा, बाकी शून्य. अकरापाशी जरा अडतो, बाराला पुन्हा सुरळीत. “याच्याइतका समजूतदार आकडा शोधून आणा, मी तुम्हाला गृहपाठ देणार नाही,” असं ती पोरांना सांगायची. वर्गात तो समजूतदारच होता. मनोऱ्यात मात्र त्याचा तोच गुण मानगुटीवर बसायचा. जास्त घंटा असल्या तर क्रम उदंड, त्यातले हवे तेवढे निवडून वाजवावेत. एखादा हुकला तर दुसरा घ्यावा. सात घंटांत ती सोय नाही. आहेत तेवढे सगळे लागतात. त्या आकड्यात काही शिल्लक राहत नाही, म्हणून चुकलेल्या माणसाला पाय ठेवायलाही जागा राहत नाही.

आणखी एक खोड होती. क्रमाला वळण द्यायची नेहमीची हाक म्हणजे ‘बॉब’. विदरहॅममध्ये ज्या पद्धतीने वाजवतात तिच्यात नुसत्या बॉबवर पाच हजार चाळीस भरत नाहीत. कितीही डोकं खाजवा, भरत नाहीत. तसं कधीच सिद्ध होऊन गेलेलं आहे. मध्ये दोनदा एक वेगळी हाक द्यावी लागते, ‘सिंगल’. पहिल्या सिंगलनंतर आकड्याचा एक मुलूख संपतो आणि दुसरा सुरू होतो, दुसऱ्या सिंगलने परत यायचं. या हाका देणं हेस्टरचं काम होतं. बाकी सातांनी तोंडातून ब्रही काढायचा नाही.

“ऑब्री, पायाखालचं झाकण तपासलंस ना?” तिसऱ्या दोरावरचा लेनर्ड स्पिंक म्हणाला. “आज तेवढं एकच मोडायचं राहिलंय.”

स्पिंक नळ दुरुस्त करायचा आणि माणसं बिघडवायचा. पण तो बोलला त्यात खोटं नव्हतं. ऑब्रीने साठ वर्षं घंटा वाजवल्या होत्या, अर्ध्या गावाला शिकवलं होतं, अकरा वर्षांच्या हेस्टरला याच खोलीत दोर धरायला त्यानेच शिकवलं होतं. भिंतीवर पाच हजार चाळीस पुरे केलेल्यांच्या नावांच्या पाट्या होत्या. त्यांतल्या कुठल्याही पाटीवर ऑब्रीचं नाव नव्हतं. एकदा दोर तुटला. एकदा घंटेची जीभच निखळून पडली. एकदा स्पिंकलाच उचकी लागली, ते मात्र तो कधी सांगायचा नाही.

“मी एक्याऐंशीचा आहे लेनी,” ऑब्री म्हणाला, “आता मोडायचं राहिलंय ते मीच.”

सगळे हसले. हेस्टर हसली नाही. गुरुवारी ऑब्रीच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. ती नीट झाली तरी पुढे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, असं डॉक्टरने बजावलं होतं. म्हणजे आजचं हे शेवटचं. पण पाटीवर नाव यावं म्हणून ऑब्री हट्टाला पेटला होता असं नाही. कारण वेगळं होतं आणि ते त्याने फक्त हेस्टरला सांगितलं होतं.

त्याची बायको ऑलिव्ह दुसरी घंटा वाजवायची. पाच हजार चाळीस ओळींत तिची लाडकी एकच: एक, तीन, पाच, सात, मग दोन, चार, सहा आणि शेवटी आठ. बारीक घंटेपासून जड घंटेकडे सूर उतरत जातो, मग पुन्हा वर जाऊन परत उतरतो. “एका दमात दोनदा जिना उतरल्यासारखं,” ऑलिव्ह म्हणायची. शिवाय त्यातली दुसरी उतरण ती स्वतः सुरू करायची, दोनने. आणि संपवायचा ऑब्री, आठने. रविवारी, लग्नाला, ती ओळ हवी तेव्हा आणून वाजवता येत असे, पण ऑलिव्हला तशी चालायची नाही. ती म्हणायची, सगळ्या ओळींच्या गर्दीतून जेव्हा ती आपली आपण येईल तेव्हाच खरी. प्रत्येक वेळी ती यायच्या आधीच काहीतरी मोडलं होतं. ऑलिव्हला जाऊन आता चार वर्षं झाली होती. मनोऱ्याच्या दक्षिणेला, याच खोलीच्या खिडकीखाली तिला पुरलं होतं.

“कधी येईल ती?” आदल्या दिवशी ऑब्रीने विचारलं होतं.

“दोन तास उलटून गेल्यावर. दुसऱ्या सिंगलच्या अगदी थोडं आधी. मी खूण करू का?”

“खूण कशाला? माझे कान काय भाड्याने दिलेत?” आणि मग, “खूण नको पोरी. मी थांबेन तिच्यासाठी.”

पहिल्या घंटेवरच्या मुलीने रिवाजाप्रमाणे “निघाली,” म्हटलं, दोर खेचला, “गेली.” वर आठ घंटा सरळ रांगेत बोलू लागल्या आणि थोड्या वेळाने हेस्टरच्या हाकेवर क्रम सुटला.

पहिला तास छान गेला. स्पिंक तोंडाने कसाही असला तरी त्याची तिसरी घड्याळासारखी होती. दुसऱ्या दोरावर गुरांची डॉक्टर रोवेना होती. अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढायची सवय असलेले तिचे हात थकत नव्हते. ऑब्री पेटीवर ताठ उभा होता. आठवीला क्रमाचा हिशेब नसतो, प्रत्येक ओळीला शेवटचा टोला द्यायचा. पण तो बैलाच्या वजनाच्या घंटेचा आणि नेमक्या क्षणी. टोल्यागणिक त्याचा सदरा पाठीला चिकटत चालला होता. हेस्टरने पहिली सिंगल दिली. आकड्याचा दुसरा मुलूख सुरू झाला.

दोन तास झाले तेव्हा खोलीत घामाचा आणि जुन्या लोकरीचा वास कोंडला होता. खिडकी बंद होती. कुणीतरी ती उघडायला विसरलं होतं आणि आता दोर सोडून उघडायला जाणार कोण? हेस्टरच्या नाकावरून एक थेंब ओघळत होता, तो पुसता येत नव्हता. डोक्यात हाकांची माळ होती: इथे बॉब, मग दोनदा सोडून, मग लागोपाठ. ऑलिव्हची ओळ जवळ येत होती. आता एक बॉब, मग एक जाऊ द्यायचा, मग पुन्हा बॉब, आणि त्यानंतर ती.

तिने ऑब्रीकडे पाहिलं. पाहायला नको होतं.

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते. हात आपले आपण चालले होते. मान थोडी कलती, ओठ थोडे उघडे, बसची वाट पाहणारं पोर रस्त्याच्या वळणाकडे कान लावून बसतं तसा तो उभा होता. हेस्टरला नजर काढून घेता येईना. वडील गेले तेव्हासुद्धा तिला असं झालं नव्हतं. दोन श्वासांपुरतीच ती त्याच्याकडे पाहत राहिली असेल.

तेवढ्यात बॉबची जागा निघून गेली.

घंटांना काय, त्या आपल्या शिकवल्याप्रमाणे पुढे गेल्या. कुणाला काही कळलं नाही. हाक दिली नाही तर पुढची वाट वेगळी, एवढंच; आणि वाट वेगळी झाली हे कळायला माळ फक्त एकीच्या डोक्यात होती. हेस्टरची पाचावर धारण बसली. हात चालू, सातवीची जागा बरोबर, पण मेंदू त्या हुकलेल्या जागेभोवती घिरट्या घालत राहिला. मग शाळामास्तरीण जागी झाली. आता सहावी कुठे, पाचवी कुठे, इथे एक जास्तीचा बॉब दिला तर, पुढे आणखी एक दिला तर... तिने दोन्ही हाका दिल्या. तिसऱ्या वळणावर घंटा पुन्हा तिच्या माळेतल्या ओळखीच्या जागी आल्या. स्पिंकने एक भुवई वर केली आणि खाली केली.

गाडी रुळावर आली होती. पण मधले काही रूळ दोनदा झाले होते आणि काहींवरून गाडी गेलीच नव्हती. गेली नव्हती त्यांत कुठली ओळ होती हे हेस्टरला वेगळं शोधावं लागलं नाही.

ऑब्री अजून डोळे मिटून उभा होता.

थांबवायला हवं होतं. नियम सोपा: खोटं झालं की हाका देणाऱ्याने ‘थांबा’ म्हणायचं, दोर बांधायचे, घरी जायचं. एक शब्द. हेस्टरने ठरवलं, हे वळण जाऊ दे, मग म्हणते. ते वळण गेलं. मग वाटलं, रोवेनाची घंटा आता पुढे येतेय, ती मागे जाऊ दे. तीही गेली. मनाशी असे वायदे करणारा माणूस शब्द गिळणार हे ठरलेलंच असतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं. थांबवलं तर ऑब्रीचं शेवटचं पाच हजार चाळीसही मोडलं, तेही कुणामुळे, तर त्याने हाताला धरून शिकवलेल्या पोरीमुळे. नाही थांबवलं तर शेवटी सगळ्यांच्या तोंडावर खोटं बोलायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि झाकणावर म्हातारा उभा. आयुष्यात पहिल्यांदा तिला या खोलीची भीती वाटली. भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या, दोर नुसते वरखाली होत राहिले, आणि तो समजूतदार आकडा कुठूनही फट दाखवेना. एकपासून दहापर्यंत कुणालाही वाटून जाणारा आकडा, पण त्यात हिच्या चुकीसाठी एक ओळ जास्तीची नव्हती.

दुसऱ्या सिंगलची जागा आली. हाक द्यावीच लागणार होती. न द्यावी तर घंटा सरळ रांगेत परत येणार नव्हत्या.

“सिंगल!”

ऑब्रीने डोळे उघडले.

दुसऱ्या सिंगलच्या आधी येईल असं तिनेच त्याला सांगितलं होतं. तो तिच्याकडे पाहत होता, पण त्या नजरेत राग किंवा शंका असती तर तिने ती सोसली असती. त्याच्या चेहऱ्यावर फक्त गोंधळ होता. मग त्याने हळूच मान हलवली, स्वतःशीच, आणि डावा खांदा वर करून त्यावर कान घासला. कानात काही अडकलंय का असं पाहावं तसं. हेस्टरला कळलं. त्याला वाटत होतं, ओळ येऊन गेली आणि त्यालाच ऐकू आली नाही. साठ वर्षं वाट पाहिली आणि ऐन वेळी कान फितूर झाले. त्याचा चेहरा बघता बघता उतरला, टोला क्षणभर उशिरा पडला, आणि एवढ्या वर्षांत ऑब्रीचा टोला उशिरा पडलेला कुणी ऐकला नव्हता म्हणून स्पिंकनेही तिकडे पाहिलं.

हे मात्र हेस्टरला बघवेना. गुरुवारी हा माणूस टेबलावर झोपणार, आणि झोपताना त्याच्या डोक्यात हे असणार, की ऑलिव्ह आली होती आणि मी बहिरा निघालो.

खोटं तर झालंच होतं. बुडत्याचा पाय खोलात, मग आणखी थोडं खोल. तिने हिशेब मांडला. फळा नाही, खडू नाही, हातात सातवी घंटा आणि डोळ्यांपुढे सात आकडे. आता बॉब दिला तर पाचवी मागे राहील, पुढच्या वळणाला पुन्हा दिला तर दोन आणि चार एकमेकींशेजारी येतील, मग एक सोडायचा, मग बॉब. कपाळाची शीर उडायला लागली. इतक्या वेगाने तिने आयुष्यात कधी गणित केलं नव्हतं, आणि इतक्या अप्रामाणिकपणे तर नाहीच.

“बॉब!”

स्पिंकच्या दोन्ही भुवया वर गेल्या. सगळी माळ नाही, तरी सिंगलच्या इतक्या मागोमाग बॉब नसतो एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तो तोंड उघडेल असं तिला वाटलं, पण नियम म्हणजे नियम. त्याने दात आवळून तिसरी ओढली.

“बॉब!”

मग एक वळण गप्प.

“बॉब!”

आणि ती आली. एक, तीन, पाच, हेस्टरची सात. मग वर जाऊन रोवेनाची दोन, चार, सहा, आणि ऑब्रीचा आठ. एका दमात दोनदा जिना. क्षणात आली, क्षणात गेली, पुढच्या ओळीने तिला पुसून टाकलं. ऑब्रीचा टोला मात्र नेमका पडला, त्याआधीच्या आणि नंतरच्या सगळ्या टोल्यांपेक्षा नेमका.

हेस्टरने डोळे वर केले. तो खिडकीकडे पाहत होता. तो हसत होता का? तिला ठरवता येईना. घाम गालावरून ओघळत होता, की तो घामच होता, तेही कळेना. तिला बरं वाटलं. हो, खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला फार बरं वाटलं.

उरलेला वेळ ती घंटांना परतीच्या वाटेला लावत राहिली. हाक द्यायची, मोजायचं, पुन्हा हाक. शेवटी मोठ्या घंटा एकेक करून आपल्या जागी बसत गेल्या, सहावी, पाचवी, चौथी, आणि एका ओळीला सगळं जुळलं: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. सरळ रांग.

आता शेवटचा रिवाज राहिला. विदरहॅममध्ये सरळ रांग आली की हाका देणारा म्हणतो, ‘झालं सगळं’. हे दोन शब्द म्हणजे साक्ष असते: सगळ्या ओळी आल्या, एकही दोनदा नाही, मी जबाबदार. त्यानंतर कुणी पुरावा मागत नाही. मग ‘थांबा’. जर काही चुकलं असेल तर नुसतंच ‘थांबा’ म्हणायचं, आणि ते दोन शब्द आले नाहीत यावरून सगळे काय ते समजतात.

सात जोडी डोळे तिच्यावर होते. रोवेना हसायच्या तयारीत होती. सरळ रांग पुन्हा एकदा झाली, आणखी एकदा झाली. हेस्टरच्या जिभेवर दोन शब्द येऊन बसले होते. म्हणून टाक. पाटी लागेल. म्हातारा सुखाने झोपेल. तुझ्याशिवाय कुणाला कळणार आहे? तिने श्वास घेतला.

“थांबा!”

आवाज तिचा नव्हता. ऑब्रीचा होता.

हाका देणाऱ्याशिवाय कुणी बोलायचं नाही हे ज्याने सगळ्यांना शिकवलं, तोच बोलला होता. सवयीने आठही घंटा उभ्या राहिल्या. इतक्या वेळाने आलेली शांतता कानात दुखली.

“अरे!” रोवेना म्हणाली. “ती म्हणायचीय अजून. हेस्टर, म्हण ना.”

“ती काय म्हणणार?” स्पिंकचा बांध फुटला. “दुसऱ्या सिंगलनंतर हिने जे बॉब पाडलेत, तसे नवशिकं पोरही पाडत नाही! तीन तास! माझ्या खांद्यांत पाणी झालंय, आणि बाईसाहेब तिथे स्वतःचंच काहीतरी वाजवत होत्या!”

“गप्प बस लेनी,” ऑब्री म्हणाला.

“का गप्प बसू? तुझंच तर वाटोळं केलंय तिने!”

“तुझ्या उचकीच्या वेळी मी गप्प बसलो होतो. आता तू बस.”

स्पिंक बसला. खरोखरच भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसला.

ऑब्री पेटीवरून उतरला नव्हता. दोर अजून त्याच्या हातात होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पेटी झाकणावर, तो पेटीवर. त्याने ठरवल्याशिवाय कुणाचीच सुटका नव्हती. हेस्टरला वाटलं, त्याने ओरडावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे सुटले.

“ऑब्री, मी...” तिने नाकावरचा थेंब पुसला. “माझी एक हाक हुकली. ती यायच्या जरा आधी. तुमच्याकडे बघत राहिले आणि हुकली. तेव्हाच थांबवायला हवं होतं.”

“हवं होतं.”

“आणि मग तुम्ही कान घासलात, ते मला बघवलं नाही. म्हणून मी ती...”

“आणलीस. कळलं मला.” तो थोडा वेळ दम घेत राहिला. “चुकीच्या बाजूने आली ना ती. सिंगलच्या आधी यायची ती नंतर आली. छान वाजली गं. रोवेना, तुझी दोन अगदी तिच्यासारखी पडली. पण ती कुणीतरी मला आणून दिली होती, पोरी. लग्नाच्या दिवशी देतात तशी. ऑलिव्हला तशी चालायची नाही. मलाही नाही चालत. ती आपली आपण यायला हवी.”

हेस्टर रडायला लागली. बावन्न वर्षांची, शाळेत जिच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प होतो अशी बाई, दोर छातीशी धरून लहान मुलीसारखी रडली. माफ करा असं तिला म्हणायचं होतं, पण ते फार छोटं वाटलं.

“एक सांग,” ऑब्री म्हणाला. “आणि गणिताच्या बाईसारखं सांग, लाडाने नको. दुसऱ्या सिंगलच्या आधी ती आलीच नव्हती?”

“नव्हती.”

“म्हणजे आली आणि मला ऐकू आली नाही, असं नाही.”

“नाही. तुमचे कान शाबूत आहेत. ती वाजलीच नव्हती.”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून स्पिंकसुद्धा बाकावरून उठून उभा राहिला.

“मग ठीक आहे,” ऑब्री म्हणाला. “मग ती अजून यायचीच आहे.”

त्याने दोराला गाठ मारली, साठ वर्षं मारत आला होता तशीच, आणि दोर खुंटीला अडकवला. मग हात पुढे केला. हेस्टरने तो धरला आणि तो पेटीवरून सावकाश खाली उतरला. त्याच्या तळहाताला फोड आला होता.

“गुरुवारनंतर मला काही दोर धरता येणार नाही,” तो म्हणाला. “आठवीवर लेनीला घ्या. तोंडाने वाजवण्यापेक्षा हाताने बरा वाजवतो. आणि हाका तूच द्यायच्यास.”

“मी?”

“चूक कुठे होते हे आता तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? माझ्याकडे तेवढं बघायचं नाही. तसाही मी इथे नसेन. मी खाली असेन, ऑलिव्हपाशी. बसलेला, नाहीतर आडवा.”

“ऑब्री!” रोवेना ओरडली.

“आडवा असलो तरी ऐकेन. खिडकी तेवढी उघडी ठेवा. आज कुठल्या गाढवाने बंद ठेवली होती कोण जाणे.”

स्पिंकने पेटी बाजूला ओढली आणि झाकण उचललं. खालून गार हवा आणि चहाचा वास वर आला. जिन्यात उतरताना म्हाताऱ्याच्या पुढे कुणीतरी असावं लागतं, पाय घसरला तर अडवायला. हेस्टर पुढे झाली. ऑब्रीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते एकेक पायरी उतरू लागले.

जायच्या आधी तिने खिडकी उघडली होती. ती तशीच राहिली.